सेव्ह केलं पण अप्लाय राहिलं

आमच्या ऑफिसात फायरवॉलचा एक जुना डबा आहे, वायफायपण त्यातूनच येतं, आणि स्पीड काही केल्या ५४ एमबीपीएसच्या वर जाईना. नेटवाल्याला दोन शिव्या घालून झाल्या (उगाच, त्याची चूकच नव्हती). सेटिंग उघडलं तर एन्क्रिप्शन (वायफायवरची माहिती गुप्त ठेवायची सोय) टीकेआयपी ह्या जुन्या पद्धतीवर! ते असलं की ८०२.११एन ह्या वेगवान वायफाय प्रकाराचा स्पीड मिळतच नाही, ५४ एमबीपीएसलाच गाडी अडकते, शिवाय ते आता सुरक्षितही धरत नाहीत. मग डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा आणि एईएस हे जास्त भक्कम एन्क्रिप्शन निवडलं, नवीन पासवर्ड टाकला (८ ते ६३ अक्षरं चालतात), सेव्ह दाबलं आणि काहीच बदललं नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर वर कोपऱ्यात बारीक पिवळी पट्टी दिसली, बदल अजून लागू केलेले नाहीत म्हणून. ह्या डब्यात सेव्ह वेगळं न् अप्लाय वेगळं. अप्लाय दाबलं तर मीच बाहेर फेकला गेलो, लॅपटॉप त्याच वायफायवर होता ना! केबल लावून परत आत शिरलो, सगळं नीट बसलेलं. फोनवर जुनं नेटवर्क फर्गेट करून जोडलं. रडवलं ते प्रिंटरने, त्याच्या टीचभर स्क्रीनवर बाणांनी एकेक अक्षर शोधत १६ अक्षरी पासवर्ड टाकत बसलो, तोही दोनदा चुकला.