ऑपरेशनची तारीख मिळाली, आता पडून राहू नका

मिरजेहून तारीख घेऊन पेशंट गावी आला की घरचे म्हणतात, "आता काय काम करायचं न्हाई, पडून ऱ्हावा." मायेपोटी दिलेला हा सल्ला महागात पडतो. दोन-तीन आठवडे पडून काढले की मांड्या झडतात, आणि ऑपरेशननंतर उठून बसायला ताकद लागते ती मांड्यांचीच.

रोज 30 मिनिटं चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. सांगलीत कृष्णाकाठ पुरे. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्याचा चढ पहिल्या दिवशी नको. शिवाय हात न टेकता खुर्चीवरून 10 वेळा ऊठबस, दिवसातून तीनदा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा, डॉक्टरांना कळवा.

मेडिकलमध्ये फुफ्फुसांच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र मिळतं. बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं! ताठ बसून श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा. गोळी वर गेली की 3 सेकंद तिथेच टिकवा. असं 10 वेळा, दिवसातून चारदा. झटक्यात तिन्ही उडवण्यापेक्षा दोनच टिकवलेल्या बऱ्या.

जेवणात वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. 50 किलोच्या माणसाला 60 ते 75. भाकरी आणि पातळ आमटीवर ती भरत नाहीत. एका अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, 50 ग्रॅम सोयावडीत 25 च्या आसपास. तोंडात जखम असेल तर सगळं मिक्सरमधून काढा. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

"तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका नाही म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. आजच बंद करा.

आजार पेशंटपासून लपवू नका. नाकात नळी, लघवीची पिशवी, जखमेतली नळी, हे आधी माहीत असेल तर शुद्धीवर आल्यावर तो घाबरून नळ्या ओढत नाही. जबड्याचं ऑपरेशन असेल तर पाटी-पेन्सिल जवळ ठेवा. काही दिवस बोलता येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, चूर्णं सगळं डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका. ऑपरेशनच्या जागेवरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर चहासुद्धा नको: साध्या पाण्याला बहुधा 2 तास आधीपर्यंत मुभा असते, दुधाला 6 तास लागतात. त्या घोटापायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं.