जिप्सीचा मागचा एक्सल शाफ्ट घरी बदलताना

मारुती जिप्सीच्या मागच्या चाकाचा भार थेट एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आणि त्यावरच्या एकुलत्या बेअरिंगवर असतो. म्हणून शाफ्ट वाकला किंवा बेअरिंग घरघरू लागलं की गाडी ओढत राहू नका. नवा शाफ्ट, बेअरिंग, रिटेनर रिंग (बेअरिंग जागेवर धरणारी कडी), ऑइल सील, सुमारे दीड लिटर जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, डॉट ३ ब्रेक ऑइल आणि सिलिकॉन गॅस्केट आधीच आणून ठेवा. डाव्या-उजव्या शाफ्टची गल्लत होते. जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि दाते पडताळा.

सपाट फरशीवर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो आणि तो सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही, म्हणजे गाडी फक्त ओंडक्यांवर थांबलेली असते. एक्सलच्या हौसिंगखाली (शाफ्टभोवतीच्या नळीखाली) स्टँड हवाच, जॅकवर विसंबू नका. डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइल काढण्याआधी भरायचं बूच सैल करून बघा. ते अडकलं आणि ऑइल आधीच सांडलं, तर गाडी जागेवरच अडकेल.

ड्रम चिकटला असेल तर त्याच्या आट्यांच्या भोकांत ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळा. ब्रेक पाइपला फ्लेअर पाना लावा, साध्या पान्याने नटाच्या कडा जातात. सुटलेल्या पाइपच्या टोकावर ब्लीडरची (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूची) रबरी टोपी बसते. हँडब्रेकची केबल आणि बॅकिंग प्लेटचे (ब्रेक शू ज्यावर बसतात त्या तबकडीचे) चार नट काढून स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या हातोड्याने) शाफ्ट प्लेटसकट ओढा.

शाफ्ट तुटला असेल तर आतला तुकडा चुंबकाने काढा आणि तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून पाहा. कपची कमी भरली तर डिफरन्शियल उघडावंच लागेल. ती कपची डिफरन्शियलमधल्या क्राउन गिअरचे दाते खाईल.

जुनी रिटेनर रिंग ग्राइंडरने दोन बाजूंनी पातळ करून छिन्नीने फोडा, मात्र शाफ्टला चरा पडू देऊ नका. नवं बेअरिंग प्रेसवाल्याकडूनच बसवून घ्या. दाब फक्त बेअरिंगच्या आतल्या रेसवर (कड्यावर) हवा. त्याआधी शाफ्टवर बॅकिंग प्लेट चढवलीय ना, हे दोनदा बघा. ती राहिली तर रिंग पुन्हा फोडावी लागते.

सील दर वेळी नवं घाला, स्प्रिंगची बाजू आत, ओठाला थोडं ग्रीस. शाफ्ट हातांवर तोलून सरकवा. दाते सीलवर घासले तर पुढे ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं आणि ते चाक ब्रेक धरत नाही. दाते अडले तर शाफ्ट किंचित फिरवा, ठोकू नका. प्लेट आणि हौसिंगच्या मध्ये गॅस्केटचा पातळ थर द्या, नाहीतर ओढ्यातलं पाणी आत शिरतं. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर ब्रीदरही (हौसिंगमधली हवा बाहेर जायची वाट) साफ करा.

भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरा. ब्रेकमधली हवा काढा, पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू नका. थोडं चालवून आल्यावर ड्रमला न टेकवता हात जवळ धरून पाहा. एकच बाजू जास्त तापली असेल तर आधी ब्रेक शू घासतोय का ते बघा, मग बेअरिंग.