मिलिंग मशीन घरी येण्याआधी: पकड, माप आणि मग कटर

घरच्या वर्कशॉपसाठी छोटं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेकांची नजर पहिल्यांदा कटरवर जाते. लाकडी पेटीत ओळीने मांडलेले सोनेरी कोटिंगचे वीस एंडमिल (मिलिंगचे दंडगोल कटर) बघून हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. भोसरीच्या टूलरूममध्ये आणि नंतर घरच्या शेडमध्ये काम करून माझं मत पक्कं झालं आहे: पहिला पैसा पकडीवर, दुसरा मोजमापावर आणि धारेवर सगळ्यात शेवटी. कटर कितीही भारी असला तरी तो थरथरत असेल किंवा खाली जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, हलत असेल, तर त्या धारेचा उपयोग शून्य. म्हणून ही यादी मी त्याच क्रमाने सांगतो आहे. मशीन वाटेवर असताना ती वाचा.

बाजारात जायच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर, म्हणजे होल्डर बसायची निमुळती खोबण, ड्रॉबारचे (होल्डर वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टचे) आटे, टेबलाच्या टी-स्लॉटची (बोल्ट अडकवायच्या टी आकाराच्या खाचेची) रुंदी आणि स्पिंडलपासून टेबलापर्यंतची जास्तीत जास्त उंची. बाकी सगळी खरेदी या चार आकड्यांवर ठरते. छोट्या मशीनवर बहुधा एमटी ३ (मोर्स टेपर) किंवा आर ८ टेपर असतो. आर ८ मूळ ब्रिजपोर्ट या अमेरिकी कंपनीच्या मिलिंग मशीनचा, त्याच्या ड्रॉबारला ७/१६ इंच, वीस टीपीआयचे (इंचाला वीस) आटे. एमटी ३ ला कधी एम १२, कधी ३/८ इंच, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही; ड्रॉबार काढून सोबत नेलेला बरा. जुनं मोठं मशीन घेतलं असेल तर आयएसओ ३० किंवा ४० टेपर निघेल. सीएनसीवरून (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरून) उतरलेले बीटी ३० होल्डर भंगारात स्वस्त मिळतात. त्यांचा टेपर तोच, ७:२४ चा, पण फ्लँज (होल्डरची रुंद कड) वेगळी असते. की-खाच आणि आटे जुळतात का, हे बघितल्याशिवाय ते उचलू नका.

आता पकड. पहिली पकड कटरची. माझा सल्ला सरळ आहे: आपल्या टेपरचा एक ईआर कॉलेट चक घ्या. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली नळी, नट आवळला की ती कटरला चहूबाजूंनी धरते. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने आणलेली ही पद्धत आता सगळीकडे चालते. अगदी छोट्या मशीनला ईआर २५ पुरतो, तो १६ मिमीपर्यंत धरतो. जरा भक्कम मशीन असेल तर ईआर ३२, तो २० मिमीपर्यंत जातो. अठरा कॉलेटचा स्वस्त सेट घेण्यापेक्षा ६, ८, १० आणि १२ मिमीचे चारच चांगले कॉलेट घ्या. एक मिमी फरकाचा कॉलेट आपल्या मापापासून एक मिमी खालपर्यंत आवळतो, म्हणजे दहाचा कॉलेट दहा ते नऊ धरतो. दहाच्या वर एक केसही नाही. जुने इंची कटर हाती लागले तर हे उपयोगी पडतं: अर्धा इंच म्हणजे १२.७, त्याला तेराचा कॉलेट. पाव इंच म्हणजे ६.३५, त्याला सातचा.

कॉलेट बसवायची रीत आधीच शिकून घ्या, कारण ती चुकली की महागडा चकही कटर वाकडा फिरवतो. कॉलेट आधी नटमध्ये तिरका घालून दाबायचा, टक्‌ असा आवाज येऊन आतल्या रिंगमध्ये अडकला पाहिजे. मग नट चकवर फिरवायचा आणि कटर आत घालून आवळायचा. कॉलेट थेट चकमध्ये टाकून वरून नट लावला तर तो नीट बसत नाही आणि सोडवताना टेपरमध्येच अडकून राहतो.

ड्रिल चक घ्या, १३ मिमीचा, भोकं पाडायला लागतोच. त्यात एंडमिल मात्र कधीही धरू नका. हे मी फार कळकळीने सांगतो. ड्रिल चकचे तीन जबडे कटरच्या कडक शँकला (दांड्याला) तीन रेघांवर टेकतात, आणि चक स्वतः आर्बरवर (स्पिंडलमध्ये बसणाऱ्या तुकड्यावर) नुसत्या टेपरच्या घट्टपणाने बसलेला असतो. ड्रिलचा जोर वर दाबणारा, तो चालतो. एंडमिलचा जोर आडवा, आणि त्याचे वळसे त्याला खाली ओढत असतात. माझ्याकडे सुरुवातीला कॉलेट चक नव्हता, तेव्हा एका ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये तीन मिमी खोल ठेवलेला स्लॉट दुसऱ्या टोकाला पाच मिमी झाला. कटर जबड्यातून हळूहळू खाली सरकत होता आणि मला आवाजातही काही कळलं नाही. जॉब गेला. कटर सुटून उडाला असता तर डोळा गेला असता.

दुसरी पकड जॉबची. टेबल ९०-१०० मिमी रुंद असेल तर ७५ मिमी जबड्याचा व्हाइस (शिकंजा), त्याहून मोठं असेल तर १००. ड्रिलिंगचा हलका व्हाइस मिलिंगवर आणू नका. त्याचा हलता जबडा आवळताना वर उचलतो आणि जॉबलाही उचलतो. दुकानातच तपासता येतं: एक ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी पट्टी) धरा, आवळा, आणि हलत्या जबड्यावर बोट ठेवून तो वर येतो का बघा. फिरता बेस सोबत मिळाला तर तो कपाटात ठेवा. तो उंची खातो, मजबुती घालवतो आणि लागतो क्वचित. सोबत पॅरललच्या (समान उंचीच्या पोलादी पट्ट्यांच्या) जोड्या आणि एक नायलॉन किंवा तांब्याचा हातोडा. जॉब पॅरललवर ठेवायचा, आवळायचा, वरून ठोकायचं. खालचा पॅरलल बोटाने हलेनासा झाला की जॉब बसला.

जे व्हाइसमध्ये मावत नाही त्यासाठी क्लॅम्पिंग सेट, ५८ नगांचा म्हणून मिळतो तो. इथे टी-स्लॉटचा आकडा कामी येतो: १० मिमी स्लॉटला एम ८, १२ ला एम १०, १४ ला एम १२. स्लॉटची रुंदी वरच्या अरुंद गळ्यात मोजा. क्लॅम्प लावताना मागचा स्टेप ब्लॉक (पायऱ्यांचा ठोकळा) जॉबपेक्षा किंचित उंच ठेवा आणि बोल्ट जॉबच्या जवळ घ्या, ब्लॉकच्या जवळ नाही. नाहीतर सगळा जोर ब्लॉकच पितो.

मोजमापात तीन वस्तू पुरतात. डिजिटल व्हर्नियर बहुधा तुमच्याकडे असेलच. दुसरा ०.०१ मिमीचा लिव्हर डायल (टोकाची हालचाल सुईवर दाखवणारा) आणि मॅग्नेटिक स्टँड. जपानी मितुतोयो परवडला तर उत्तम. पुण्याच्या बेकर कंपनीचे डायलही टूलरूममध्ये वर्षानुवर्षं चालताना मी पाहिले आहेत. मशीनचं हेड टेबलाला काटकोनात आहे का, व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या चालीला समांतर आहे का, कॉलेटमधला कटर किती वाकडा फिरतो, ही तिन्ही उत्तरं त्या एका डायलवर मिळतात. तिसरी वस्तू एज फाइंडर, म्हणजे जॉबची कड शोधायचं साधन, १० मिमी शँकचा. पाचशे-सहाशे आरपीएमवर फिरवत जॉबच्या कडेला न्यायचा. टोक आधी थरथरतं, मग सरळ होतं आणि क्षणात बाजूला सटकतं. त्या जागी टेबलाच्या हँडलवरचा डायल शून्य करायचा आणि टोकाचा अर्धा व्यास पुढे जायचं. टोक दहाचं असेल तर पाच मिमी, चारचं असेल तर दोन. हा अर्धा विसरून बिघडलेले जॉब मी खूप पाहिलेत, म्हणून मी तो आकडा मशीनवरच मार्करने लिहून ठेवला आहे.

आता कटर, आणि तेही थोडेच. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) घ्या. कार्बाइड (जास्त कडक पण ठिसूळ) वेगवान आणि भक्कम मशीनसाठी आहे. छोट्या मशीनच्या थरथरीत त्याचे कोपरे तुटतात. एचएसएस चुका सोसतो आणि पुन्हा धार लावून मिळतो. स्लॉटसाठी आणि ॲल्युमिनियमसाठी दोन दातांचे ६, ८, १० आणि स्टीलच्या कडांसाठी चार दातांचे १० आणि १२, इतकेच. मिरांडा किंवा ॲडिसनचे कटर नेहमीच्या दुकानात मिळतात. सपाट पृष्ठभागासाठी एक फ्लाय कटर (एकाच धारेचा रुंद कटर) आणि त्यात एचएसएसचा टूल बिट. बेंच ग्राइंडर असेल तर तो बिट तुम्ही स्वतः घासू शकता.

वेगाचं गणित पाठ करा. कापायचा वेग मिनिटाला मीटरमध्ये, गुणिले ३२०, भागिले कटरचा व्यास मिमीत. एचएसएसने माइल्ड स्टील कापताना २५ मीटर धरा: दहाच्या कटरला ८०० आरपीएम. ॲल्युमिनियमला ८० मीटर धरलं तर अडीच हजारांच्या पुढे. ॲल्युमिनियम दाताला चिकटतं, तेव्हा ब्रशने थोडं रॉकेल लावा. स्टीलला कटिंग ऑइल.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथेही कटर दिसतात. जुना माल घेताना तीन गोष्टी बघा. धार लावलेला कटर मापाला कमी असतो, दहाचा ९.८ भरतो, कडा साफ करायला चालेल, पण त्याने नेमका दहाचा स्लॉट होणार नाही. शँकवर ओरखडे असतील तर तो कुठेतरी घसरलेला आहे, नको. आणि शँकच्या मागच्या टोकाला बारीक आटे दिसले तर तो जुन्या इंग्लिश पद्धतीच्या चकसाठी बनवलेला आहे. ईआरमध्ये तो पूर्ण लांबीवर पकडला जात नाही, ठेवून द्या.

रोटरी टेबल, बोअरिंग हेड, डिव्हायडिंग हेड यांची नावं कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. ज्या दिवशी एखादा जॉब त्यांच्यावाचून अडेल त्या दिवशी घ्या.

मशीन येण्याच्या आदल्या दिवशी गॉगल, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढायला बारीक कानस आणि चिप्स ओढायला ब्रश जागेवर ठेवा. चिप्सना हात लावायचा नाही, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. हातमोजा अडकला तर हात सोबत जातो. पाना ड्रॉबारवरून काढल्याशिवाय स्विचला हात नको. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि थोडा माल आणून ठेवा: २५ मिमी चौकोनी ॲल्युमिनियमचा फूटभर तुकडा आणि माइल्ड स्टीलचा ब्राइट बार. ॲल्युमिनियमवर हात बसला की ब्राइट बारमधून आपल्याच टेबलासाठी चार टी-नट बनवा. त्यात चौकोन करणं, पायरी कापणं, मधोमध भोक आणि टॅप (भोकात आटे पाडणं) हे सगळं येतं, आणि नट स्लॉटमध्ये घालून सरकवला की माप बरोबर आलं का ते तिथल्या तिथे कळतं.