काझीरंगाला जाताय? महिना आणि रेंज गवत बघून ठरवा

काझीरंगाला निघालेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो की वाघ दिसेल का. दिसेलही, पण ब्रह्मपुत्रेच्या काठचं हे रान म्हणजे मुख्यतः गवत, आणि ते हत्ती बुडेल इतकं वाढतं, त्यामुळे वाघ रस्त्यालगत बसलेला असला तरी कळणार नाही. गेंड्याची काळजी करू नका, 2022 च्या गणनेत इथं 2613 गेंडे मोजलेत.

पावसाळ्यात पार्क बंद असतं, साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतं. पण नोव्हेंबरात गवत जीपच्या वर असतं, म्हणून जमलं तर फेब्रुवारी-मार्च धरा. जानेवारीपासून वनखातं ठरवून गवत जाळतं (बघून वाईट वाटतं, पण जाळलं नाही तर हळूहळू झुडपं आणि झाडं माजतात नि गवताळ रान संपतं) आणि मग जो कोवळा पाला फुटतो त्यावर गेंडे, रानम्हशी, हॉग डिअर सगळे उघड्यावर चरायला येतात.

निदान दोन दिवस ठेवा आणि एकाच रेंजमध्ये, म्हणजे पार्कच्या एकाच विभागात, परत परत जाऊ नका. बागोरीत मोकळं गवत आणि बील, म्हणजे नदीनं मागं सोडलेली तळी, तिथं गेंडे भरपूर. कोहोरा मधलं, सगळ्यात गर्दीचं. पक्षी बघायचे तर पूर्वेचं आगरातोली, तिथल्या सोहोला बीलवर पेलिकन असतात आणि लोक त्यामानानं कमी. माझं मत विचाराल तर एक सकाळ आगरातोलीला द्याच, आणि बीलच्या काठी ड्रायव्हरला इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबायला सांगा, पाणमांजरं अशीच दिसतात.

गुवाहाटीपेक्षा जोरहाटचं विमानतळ जवळ पडतं. हिवाळ्यात तिकडं साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून दुपारची सफारी दीड-दोनला सुरू होते, जेवण लवकर उरका. सकाळी जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते, जाकीट लागतंच. जीपचं भाडं गाडीवर असतं, चार-पाच जण मिळून गेलात तर परवडतं.

आणि पार्कलगतच्या हायवेवर सांभाळा. पूर आला की जनावरं हाच रस्ता ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे जातात, एरवीही त्यांची ये-जा असते, म्हणून कॉरिडॉरमध्ये, म्हणजे त्यांच्या ये-जा करायच्या पट्ट्यात, ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. मागून कितीही हॉर्न वाजले तरी ड्रायव्हरला गाडी पळवू देऊ नका.