यलोस्टोनमध्ये कॅम्पग्राउंड निवडताना या चुका टाळा

हिवाळा सरत आला की अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "यलोस्टोनमध्ये अगदी पार्कच्या आत जागा मिळाली!" मी विचारते, "कुठल्या कॅम्पग्राउंडला?" यावर उत्तर येतं, "थांब, ईमेलमध्ये बघून सांगते." जिथे तंबू लावून चार रात्री झोपायचं त्या जागेचं नावही ठाऊक नाही. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

"आत म्हणजे जवळच असणार"

यलोस्टोनचं क्षेत्रफळ जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. मधला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकाराचा आणि १४२ मैलांचा. बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ४५ मैल, आणि उन्हाळ्यात तेवढा वेगही मिळत नाही. बारा कॅम्पग्राउंड या एवढ्या पसाऱ्यात विखुरलेली आहेत. ज्यासाठी बहुतेक लोक येतात त्या ओल्ड फेथफुलपाशी, म्हणजे ठरावीक वेळाने उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी, मात्र एकही नाही.

आमच्या पहिल्या फेरीत आम्ही उत्तरेकडच्या मॅमथला चार रात्रींचं बुकिंग केलं होतं. दोन कुटुंबं होतो, मुलगा सहा वर्षांचा होता. मॅमथहून ओल्ड फेथफुल ५१ मैल, तासाभरात पोचू, असा आमचा हिशोब. वाटेतल्या नॉरिसच्या पुढे बायसनचा, म्हणजे तिथल्या केसाळ रानगव्यांचा, कळप रस्त्यावर आला. माद्या, पिल्लं, मागे दोन थोराड नर, सगळे डांबरी रस्त्यावरूनच संथपणे चाललेले. पाऊण तास गाड्या जागच्या हलल्या नाहीत. ओल्ड फेथफुलला पोचलो तेव्हा लोक बाकांवरून उठून परतत होते. तिथे दोन उद्रेकांमध्ये साधारण दीड तास जातो. मुलाला उन्हात तेवढं बसवून ठेवलं, मग ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्यापाशी पार्किंगसाठी रांग लावली, आणि परत निघेपर्यंत अंधार पडला. गिबन नदीच्या काठी एका वळणावर नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. समोर रस्त्याच्या मधोमध बायसन उभा होता. त्या काळपट अंगावर हेडलाइटचा उजेड जणू पडतच नाही. अगदी जवळ गेल्यावरच तो दिसतो. त्या रात्री तंबूत कुणाला धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीचा यलोस्टोन लेकचा बेत आम्ही रद्द केला, कारण पुन्हा तेवढंच अंतर कापायची कुणाची तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी जवळ म्हणून लामार व्हॅलीकडे गेलो. पहाटे दुर्बिणीतून लांडगे दिसले. १९९५ साली इथे पुन्हा आणून सोडलेल्या लांडग्यांचे हे वंशज. तेव्हा उमगलं की मॅमथची जागा उत्तमच आहे, पण उत्तरेचा भाग बघायला.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला. आधी काय बघायचं ते कागदावर लिहिते, मग नकाशा काढते, आणि प्रत्येक टप्प्यापुढे मैल न लिहिता तास लिहिते. ताशी ३० मैलांच्या वर हिशोब धरत नाही. गरम पाण्याचे झरे बघायचे तर मॅडिसन, तिथून ओल्ड फेथफुल १६ मैल. धबधबे आणि मधला भाग बघायचा तर कॅनियन. तलाव आणि दक्षिणेकडच्या ग्रँड टीटन या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानासाठी ग्रँट व्हिलेज किंवा लुईस लेक. लांडग्यांसाठी स्लू क्रीक. तिथे जागा मोजक्या आहेत आणि शेवटचा रस्ता कच्चा आहे. चार रात्री असतील तर दोन ठिकाणी दोन-दोन रात्री राहते.

यावर हमखास ऐकायला मिळतं, "तंबू दोनदा कोण लावणार?" तंबू उतरवून पुन्हा उभा करायला तास लागतो. तो तास वाचवण्यासाठी रोज तीन-चार तास गाडीत बसायचं, हे मला मुळीच पटत नाही.

तंबू घेऊन फिशिंग ब्रिजला जाणं

ही चूक मी स्वतः केलेली नाही, पण माझ्या ओळखीत दोनदा झाली आहे. तलावाजवळ जागा मोकळी दिसली की लोक घाईघाईने पैसे भरतात. फिशिंग ब्रिजला फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्हीला, म्हणजे आत राहता येतं अशा गाडीला, परवानगी आहे. तंबू चालत नाही, कापडी बाजूंचा उघडमीट करणारा ट्रेलरही नाही. कारण सरळ आहे: हा ग्रिझली अस्वलांच्या वावराचा भाग आहे. आमचे स्नेही संध्याकाळी सात वाजता दोन मुलांसह तिथे पोचले आणि त्यांना परत पाठवलं गेलं. पार्कातली बाकी कॅम्पग्राउंडं भरलेली होती. त्यांना थेट पार्काबाहेर जाऊन मोटेल शोधावं लागलं. बुकिंगच्या पानावर हा नियम लिहिलेला असतो. पैसे भरण्याआधी ते पान पूर्ण वाचायला पाच मिनिटं लागतात. ती कुणालाच का द्यायची नसतात, ते मला अजून कळलेलं नाही.

उंची न बघणं

मॅमथ साधारण ६,२०० फुटांवर आहे, कॅनियन ७,९०० च्या आसपास. दुपारी हा फरक जाणवत नाही, पहाटे तीनला जाणवतो. वरच्या भागात जुलैमध्येही रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतो. लहान मूल बरोबर असेल तर जूनमध्ये मी कॅनियन टाळते आणि मॅडिसन घेते. कॅनियनलाच जायचं असेल तर जाड स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरायला चांगली मॅट हवीच. नुसत्या रजईवर निभत नाही, थंडी खालून, जमिनीतून येते.

आणखी काही

दहा जण मिळून एकच साइट, म्हणजे कॅम्पग्राउंडमधली एका तंबूची जागा, घेऊ नका. एका साइटवर सहाच माणसं चालतात.

आंघोळ महत्त्वाची असेल तर आधी बघा. कॅनियन आणि ग्रँटला शॉवर आहेत, मॅडिसनला नाहीत. लुईस लेक आणि स्लू क्रीकला फ्लशचे संडासही नाहीत.

जनरेटरच्या आवाजाने त्रास होत असेल तर जिथे जनरेटरला बंदी आहे अशी लहान कॅम्पग्राउंडं निवडा.

खाण्याचा डबा, कूलर, साबण, टूथपेस्ट, काहीही टेबलावर सोडून "पाच मिनिटांत येतो" म्हणत जाऊ नका. सगळं गाडीत काचा लावून, किंवा साइटवरच्या लोखंडी पेटीत. माणसांच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी बहुतेकदा मारावं लागतं, आणि चूक मात्र आपली असते. याबाबतीत मी कुणाचीही भीड बाळगत नाही, शेजारच्या साइटवर जाऊन सांगून येते.

यंदा कोणती कॅम्पग्राउंडं उघडी आहेत ते पार्कच्या संकेतस्थळावरच बघा, जुन्या प्रवासवर्णनात नव्हे. जून २०२२ च्या पुरात उत्तर प्रवेशद्वाराचा रस्ताच वाहून गेला होता.

आणि "जाऊ तर खरं, तिथे काहीतरी मिळेलच" हे उन्हाळ्यात अजिबात करू नका. कॅम्पग्राउंडबाहेर रस्त्याकडेला गाडीत झोपायला परवानगी नाही. जागा मिळाली नसेल तर रद्द झालेल्या साइट्सवर लक्ष ठेवा. मी रोज सकाळी चहाच्या वेळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा बघते. मॅडिसनच्या दोन रात्री मला अशाच मिळाल्या होत्या, निघायला नऊ दिवस उरले असताना.