पॅरिसमधल्या फ्रेंच फाइन डायनिंगमध्ये जेवायचं कसं?

पॅरिसला जाणार असाल आणि एकदा तरी मिशलिन स्टार (‘मिशलिन गाइड’ उत्तम रेस्टॉरंटना देतं ते एक ते तीन स्टार) असलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायची हौस असेल, तर दुपारचं जेवण गाठा. शेफ तोच, किचन तेच, पण दुपारचा ठरलेला मेनू बऱ्याच ठिकाणी रात्रीपेक्षा खूपच स्वस्त असतो. शनिवार-रविवारी आणि ऑगस्टमध्ये अनेक जागा बंद असतात, हे विमानाची तिकिटं काढण्याआधीच बघा.

मग बुकिंग. ते ऑनलाइन होतं, पण बहुतेकदा कार्डाचा नंबर मागतात आणि न कळवता गेला नाहीत तर पैसे कापतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा, आणि नुसतं ‘व्हेज’ लिहून थांबू नका. मटण, चिकन, मासे, अंडी यांतलं काय चालत नाही ते एकेक करून लिहा. सॉस बहुतेकदा हाडं उकळून काढलेल्या स्टॉकवर होतात, गोडात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असू शकतं, कोंते आणि रोकफोर ही चीज बनवताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात. आयत्या वेळी सांगितलंत तर शेफचे हात बांधलेले असतात. आठवडाभर आधी कळवलंत तर वेगळा मेनूही बनतो. भाज्यांना तिथे कमी लेखत नाहीत. शेफ आलँ पासार यांनी पॅरिसमधल्या आपल्या ‘लार्पेज’ या रेस्टॉरंटमधून २००१ साली लाल मांस काढून टाकलं, तरी त्यांचे तिन्ही स्टार टिकले.

वेळेवर पोचा. सूट लागतोच असं नाही. इस्त्रीचा शर्ट आणि धड बूट पुरे, साडी तर झकासच. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका, न म्हणणं तिथे उद्धटपणाचं मानतात. तीन तास मोकळे ठेवा.

सुरुवातीला येणारे इवले इवले घास मेनूत नसतात, त्यांचे वेगळे पैसेही नसतात. काटे-सुऱ्या बाहेरून आत वापरत जा. काठाला खाच असलेला एक चपटा चमचा दिसला तर तो सॉससाठी. पाव हातानं तोडायचा, आणि भूक असली तरी त्यावर ताव मारायचा नाही. पुढे बरंच यायचंय.

वाईन ग्लासात जराशी ओततात ती खराब झालेली नाही ना, हे बघायला. आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. घ्यायची नसेल तर बिनधास्त नाही म्हणा. साधं पाणी हवं असेल तर ‘काराफ दो’ मागा, ते फुकट असतं.

चीज गोडाच्या आधी येतं. ट्रॉली आली की तीन-चार प्रकार मागा आणि सौम्यापासून उग्राकडे जा.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ‘लादिसियों, सिल वू प्ले’ म्हणा. सर्व्हिस चार्ज किमतीतच धरलेला असतो. टिप मनापासून वाटली तरच.