गाभण कुत्रीला विण्याआधी काय आणि किती खाऊ घालावं

कुत्री गाभण आहे असं कळलं की घरातल्या सगळ्यांचा हात सैल सुटतो. "आता तिला पोटातल्यांसाठीही खायचंय" असं जो येतो तो सांगतो. पहिल्या पाच आठवड्यांसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो आणि पिल्लांची बहुतेक वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. त्याआधी जास्तीचं चारलेलं आईच्या अंगावर चरबी होऊन बसतं, आणि लठ्ठ कुत्री विताना अडते. म्हणून पहिले चार आठवडे रोजचंच अन्न, आणि पाचही आठवडे माप वाढवायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दोन-चार दिवस कमी खाईल. खाऊ द्या कमी. अख्खा दिवस तोंडच लावलं नाही किंवा उलट्या होत राहिल्या, तर डॉक्टरांकडे न्या.

पाचव्या आठवड्यात तिला पिल्लांसाठी मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या तयार अन्नावर आणा. कमी घासात जास्त ताकद हवी असते, म्हणून हे अन्न. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं मात्र घेऊ नका, त्यात कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. सात-आठ दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं करत बदला, एकदम बदललं तर हगवण लागते.

सहाव्या आठवड्यापासून माप वाढवा, दर आठवड्याला साधारण दहा टक्के. नव्या अन्नाचं तिच्या वजनाप्रमाणे माप ३०० ग्रॅम असेल तर ३३०, मग ३६०, मग ३९०. विण्याच्या सुमाराला ती नेहमीपेक्षा पाव ते निम्मं जास्त खात असावी. पोटात किती पिल्लं आहेत यावर आकडा हलतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका, दर आठवड्याला वजन करा. लहान कुत्री असेल तर तिला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बोटांना फासळ्या सहज लागल्या पाहिजेत. शेवटी शेवटी गर्भाशय जठराला दाबतं, एका वेळी जास्त खाववत नाही. तेच माप चार वेळा विभागून द्या. पाणी कायम समोर.

आता कॅल्शियम. इथे मी स्वतः चुकले आहे आणि त्याची किंमत माझ्या कुत्रीने मोजली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिनी माझी छोटी पॉमेरेनियन. "पिल्लांची हाडं बनतायत, कॅल्शियम सुरू कर," असं कुत्री पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. मी डॉक्टरांना न विचारता पाचव्या आठवड्यापासून रोज सिरप पाजलं. ती छान व्याली, चार पिल्लं. पंधराव्या रात्री ती पिल्लं सोडून उठली आणि खोलीभर येरझाऱ्या घालायला लागली. जीभ बाहेर, धाप थांबेना. मला वाटलं उकडतंय. तासाभरात तिचे मागचे पाय काठीसारखे ताठ झाले, तोंडाचे स्नायू फडफडायला लागले, अंग चटका बसावा इतकं तापलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून, ठोके ऐकत, शिरेतून अगदी हळूहळू कॅल्शियम दिलं. थोड्या वेळाने थरथर थांबली. पिल्लांना मी बाटलीने दूध पाजलं.

रोज कॅल्शियम देऊनही तिच्या रक्तातलं कॅल्शियम कमी कसं झालं? गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी गरजेप्रमाणे हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते. बाहेरून आयता पुरवठा होत राहिला की ती ग्रंथी सुस्तावते. मग पिल्लं प्यायला लागतात, दुधातून कॅल्शियम भराभर जायला लागतं आणि ग्रंथीला तितक्या झटपट जागं होता येत नाही. याला एक्लॅम्पशिया म्हणतात. तो बहुधा विल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत होतो, आणि जास्त पिल्लं असलेल्या छोट्या कुत्र्यांमध्ये जास्त दिसतो. उशीर झाला तर जीव जातो. वरून दिलेलं कॅल्शियम हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण हे एक कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे.

तेव्हा गाभणपणात सिरप नाही, गोळ्या नाहीत, हाडांची भुकटी नाही. पिल्लांच्या तयार अन्नात कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात असतं, त्यावर चमचाभर टाकलं की ते प्रमाण बिघडतं. तुम्ही घरीच शिजवून घालत असाल तर गोष्ट वेगळी. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नसतंच, तिथे डॉक्टरांनी मोजून दिलेलं कॅल्शियम आहाराचाच भाग असतं. स्वतःच्या मनाने घालायचं नाही, एवढंच.

कच्चं मांस या काळात बंद, त्यातल्या जंतूंनी गर्भ पडू शकतो. काळीज रोज नको: जीवनसत्त्व 'अ' फार झालं तर पिल्लांच्या टाळूत फट राहते. जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्या आणि लिहून ठेवा. एरवी १०१च्या आसपास असणारं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलं, की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. त्या दिवशी बऱ्याच जणी अन्नाला तोंड लावत नाहीत. बळेच भरवू नका. वाडगं उचलून ठेवा, पाणी तिच्या जागेजवळ सरकवा आणि डॉक्टरांना फोन करून तापमान उतरल्याचं कळवून ठेवा.